शालू म्हणजे काय, मामा? : शाळेतल्या निसर्गवर्णनाची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

गेल्या वर्षी श्रावणात लातूरहून भाचीचा व्हॉइस मेसेज आला. ती तेव्हा सहावीत होती. बाईंनी 'पावसाळ्यातील निसर्ग' या विषयावर पंधरा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. मामा कंप्युटरवाला असल्यामुळे त्याच्यासाठी हे दोन मिनिटांचं काम आहे, असं तिचं मत होतं. काम खरंच दोन मिनिटांचं निघालं. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. फोनवरच्या चॅटबॉटला विषय सांगितला, 'सहावीतल्या मुलीच्या भाषेत लिही' असं बजावलं आणि आलेला मजकूर न वाचताच तिला पाठवून दिला.

पाच मिनिटांनी तिचा दुसरा मेसेज आला. "मामा, शालू म्हणजे काय?"

मग मी मजकूर वाचला. धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता. झरे खळखळ वाहत होते. मोर पिसारा फुलवून नाचत होते. आकाशात इंद्रधनुष्याची कमान होती आणि शेवटी निसर्ग हा आपला खरा मित्र आहे, असा संदेशही होता. मला आधी हसू आलं. मग जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण हा मजकूर माझ्या ओळखीचा होता. २०१३ साली दहावीच्या तयारीत मी जवळजवळ हाच निबंध पाठ केला होता. २०१२चा पाऊस हुकलेला, शाळेतल्या हापशाला पाणी नाही, घरी दिवसाआड घागरी मोजून भरायच्या, आणि मी वहीत खळखळणारे झरे लिहीत होतो. तोपर्यंत मी आयुष्यात एकही झरा पाहिला नव्हता. सरावपरीक्षेत त्या निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले होते.

यात चॅटबॉटचा काही दोष नाही. असली यंत्रं कशी चालतात ते माझ्या कामामुळे मला थोडंफार माहीत आहे. आपण लिहून ठेवलेल्या ढीगभर मजकुरावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ती शिकतात. पावसाळ्याच्या निबंधात 'हिरवा' या शब्दापुढे 'शालू' येतो, कारण आपण सगळ्यांनी तो तिथे लिहिलेला आहे. मग प्रश्न उरतो तो आपला. आपल्याला हे कुणी शिकवलं? शाळेत निसर्गवर्णन वाचायला आणि लिहायला शिकवायची सुरुवात कुठून झाली, आणि मराठी मुलांच्या वहीत हा शालू येऊन कसा बसला? या प्रश्नाच्या मागे मी वर्षभर सुट्टीच्या दिवशी फिरत राहिलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

यादी

गोष्ट शाळांच्या फार आधीपासून सुरू होते. साधारण सातव्या शतकातल्या दंडीच्या 'काव्यादर्श' या ग्रंथात महाकाव्याची लक्षणं दिली आहेत. त्यात नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय आणि सूर्योदय यांची वर्णनं असावीत, असं सांगितलं आहे. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला क्लायंटकडून येणाऱ्या रिक्वायरमेंटच्या कागदाची आठवण झाली. समुद्र आला का? आला. चंद्रोदय? राहिला, पुढच्या सर्गात टाकू.

हे थट्टेने म्हणतोय, पण त्यात तथ्य आहे. जुन्या काव्यात निसर्गाचं वर्णन हा कवीच्या कौशल्याचा भाग होता. समोरचं झाड पाहून ते लिहिलं पाहिजे अशी अपेक्षाच नव्हती. चकोर चांदणं पितो, चातक पावसाच्या थेंबासाठी तिष्ठतो, हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, हे सगळ्यांनी मान्य केलेले संकेत होते. ज्ञानेश्वरीत निसर्ग जागोजागी आहे आणि अतिशय देखणा आहे, पण तो बहुतेक वेळा दृष्टांत म्हणून येतो. सांगायचं असतं ते दुसरंच काहीतरी, चांदणं आणि ढग ते समजावून द्यायला मदतीला येतात. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे कुणी चकोराची पिल्लं शोधायला रानात गेलं नाही.

मग शाळा आल्या. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांनी संपादित केलेलं 'नवनीत' हे पुस्तक निघालं. जुन्या मराठी कवींच्या निवडक वेच्यांचा हा संग्रह पुढे कित्येक पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिला. मराठी कविता वर्गात बसून पुस्तकातून शिकायची असते, ही कल्पना रुजवण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. तोपर्यंत ही कविता कीर्तनात, देवळात, घरातल्या पोथीवाचनात कानावर पडायची. आता ती छापील पानावर आली, आणि पानाखाली प्रश्न आले.

गोडबोल्यांचे उपकार मोठेच आहेत. पण वर्गात एक बदल झाला असणार, असं मला वाटतं. पंडित कवींची संस्कृतप्रचुर रचना शाळेतल्या पोराला कळायची तर आधी अन्वय लावायचा, मग शब्दार्थ, मग समास सोडवायचा, मग अलंकार ओळखायचा. एवढं होईपर्यंत तास संपतो. वर्णनातलं वन डोळ्यांपुढे आलं का, हे विचारायला वेळ उरत नाही. निसर्गवर्णन ही उकलायची गाठ झाली. मी शाळेत शिकलो तेही असंच: शब्दार्थ, वाक्यात उपयोग, अलंकार ओळखा. १८५४ सालचा वर्ग मी पाहिलेला नाही, पण त्याची सावली २००७ सालच्या माझ्या वर्गावर पडलेली होती, एवढं नक्की.

बघणारा मुलगा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी शाळांतून शिकलेली मुलं वर्डस्वर्थ, शेली, कीट्स वाचू लागली होती. समोर दिसणाऱ्या साध्या गोष्टीवर, स्वतःच्या मनःस्थितीसकट, कविता होऊ शकते हे त्यांना तिथे दिसलं. केशवसुत त्यांतले एक. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला जन्मलेले केशवसुत पेशाने शिक्षक होते. नोकरीपायी गावापासून दूर राहिलेल्या या माणसाने नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून कविता लिहिली. त्या कवितेतली जागा नकाशावर दाखवता येते, कारण तो वारा त्यांच्या गावावरून येतो. यादीतला 'वायू' आणि घरची आठवण घेऊन येणारा वारा यांत केवढा फरक आहे!

मग आले त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १८९०, धरणगाव. आजच्या जळगाव जिल्ह्यातलं हे गाव, म्हणजे खानदेश. उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारा मुलूख. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या आणि लोक थक्क झाले. संमेलनाच्या अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. ते अध्यक्ष म्हणजे कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर.

हे कीर्तिकर कोण, ते शोधताना मला या सगळ्या इतिहासातला माझा सगळ्यांत आवडता तपशील सापडला. ते सैन्यातले डॉक्टर होते, स्वतः कविता लिहायचे, टेनिसनच्या एका दीर्घकाव्याचं त्यांनी 'इंदिरा' या नावाने मराठी रूपांतर केलं होतं. आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बामनदास बसू यांच्याबरोबर त्यांनी तयार केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा ग्रंथ १९१८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासक तो उघडतात. पानाची कड दातेरी आहे की सरळ, फूल देठाला लागतं की फांदीला, हे आयुष्यभर न्याहाळणाऱ्या माणसाने एका खानदेशी पोराच्या पाठीवर हात ठेवला. एकाने पानं मोजून बघितली, दुसऱ्याने जीव लावून. दोघंही बघणारेच.

ठोमरे पुढे अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त हा हळवा, रुसका मुलगा भेटतो. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तेव्हा अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. आज मी त्यांच्या त्या वयाचा आहे.

त्यांची 'औदुंबर' ही कविता आपण बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. फक्त आठ ओळी. मला ती शिकवली गेली तेव्हा 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' हे वाक्य आम्ही उत्तर म्हणून उतरवून घेतलं आणि शेवटच्या ओळीतला अलंकार 'चेतनगुणोक्ती' असं खाली लिहिलं. गेल्या वर्षी मी ती पुन्हा काढली आणि एकच गोष्ट केली: नजर कुठून कुठे जाते ते पाहिलं. आधी झरा आणि त्याचे दोन्ही काठ. मग पलीकडे टेकडीपाशी गाव. मग गावापुढची शेतं. शेतांतून निघालेली पायवाट. ती पायवाट डोळ्याला धरून डोहापाशी आणते. मग डोहावरची सावली, आणि अगदी शेवटी ते झाड. कवितेचा शेवटचा शब्द म्हणजे झाडाचं नाव. रंग बघावेत तर निळा, हिरवा, पांढरा आणि काळा, इतकेच. आठ ओळींत 'सुंदर' हा शब्द कुठेच नाही. 'मला वाईट वाटलं' असंही कुठे म्हटलेलं नाही. तरी पांढऱ्या पायवाटेवरून काळ्या पाण्यापर्यंत येताना आपल्या मनाचं काहीतरी होतं.

आणि ते झाड पाण्यात पाय सोडून बसलेलं आहे, हा फक्त अलंकार नाही. उंबर ओढ्याकाठी, विहिरीजवळ, जिथे पाणी आहे तिथे वाढतो. काठावरच्या उंबराची मुळं खरोखरच पाण्यात उतरलेली असतात. कवीने आधी ते पाहिलं, मग त्याला कुणीतरी बसलेलं दिसलं. आम्हाला शाळेत दुसरी पायरी शिकवली, पहिली राहूनच गेली.

शिक्का

गंमत अशी की ज्या कवींनी यादी मोडली, त्यांचीच पुढे यादी झाली. 'फुलराणी'तल्या कुरणाला गालिचा म्हणणारा माणूस त्या क्षणी गालिचाच बघत होता. त्याच्यानंतरच्या हजारो वह्यांत गालिचा आला तो वहीतून वहीत. प्रतिमेचं तसंच असतं. पहिल्यांदा ती दिसते, दुसऱ्यांदा आठवते, शंभराव्यांदा नुसती उमटते. शिक्क्यासारखी.

हे तेव्हाच एका शिक्षकाच्या लक्षात आलं होतं. पुण्यातल्या कॅम्प भागातल्या शाळेत शिकवणारे प्रल्हाद केशव अत्रे. १९२५ साली त्यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह आला आणि त्या काळच्या कवितेतल्या ठरीव लकबींची त्यांनी यथेच्छ टर उडवली. अत्र्यांची ही बाजू सगळ्यांना माहीत असते. दुसरी बाजू अशी की ते हाडाचे मास्तर होते. लंडनला जाऊन त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला, आणि १९३०च्या दशकात मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. मुलांना आपली वाटेल अशी भाषा, हसू येईल असे धडे, चालीवर म्हणता येतील अशा कविता हा त्या वाचनमालेचा रोख होता. घरात आजी-आजोबा असतील तर विचारून बघा, त्यांना किंवा त्यांच्या आई-वडिलांना त्यातल्या कविता अजून पाठ असतील. शिळी प्रतिमा ओळखून तिच्यावर हसणारा माणूसच मुलांसाठी पुस्तक करायला बसला, याला मी योगायोग मानत नाही. विडंबन हीसुद्धा रसग्रहणाची शाळाच आहे. खोटं कशाला म्हणायचं हे कळल्याशिवाय खरं ओळखता येत नाही.

मग इतकी चांगली पुस्तकं असूनही शिक्का का टिकला? याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा परीक्षेत सापडतं. आमच्या धंद्यात एक अनुभव नेहमी येतो. ज्या गोष्टीचं माप लावाल तीच वाढते. टीमला सांगा की बंद केलेल्या तक्रारींची संख्या मोजणार, की लोक तक्रारी सोडवायच्या ऐवजी बंद करू लागतात. एका शिक्षकापुढे साठ-सत्तर वह्या असतील, बोर्डाच्या वेळी तर पेपरांचे गठ्ठेच, तर निबंध तपासायला किती वेळ मिळणार? पोराने खरंच पाऊस पाहिला होता का, हे एवढ्या वेळात तपासता येत नाही. उपमा आली का, म्हण आली का, अक्षर बरं आहे का, हे तपासता येतं. म्हणून तेच मोजलं जातं. मग गाइडवाले तेच पुरवतात आणि मुलं तेच पाठ करतात. यात कुणीच वाईट नाही. शिक्षक, गाइडवाला, पोरगं, प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागतो, आणि सगळ्यांचं मिळून जे होतं त्यात पाऊस राहत नाही.

कुरणशाळा

पण मराठीत एक दुसरा धागाही आहे, आणि तो मला शाळेत कुणी सांगितला नव्हता.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२चा. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९२६ साली तिथे नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींची पद्धत आपल्या मुलांसाठी कशी वळवून घ्यायची, हा त्यांचा ध्यास होता. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींचं काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये उभं राहिलं.

माँटेसरीची साधनं महाग असतात. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबू अशी आजूबाजूला मिळणारी साधनं वापरली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी पाटीवर दिसतो, त्याच्यामागे ही पायपीट आहे. तरी काही मुलं राहिलीच. ती गुरं घेऊन रानात जायची. मग शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा.

हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ थांबलो. आपल्याकडे निसर्गवर्णनाचा तास म्हणजे चार भिंतींत बसून खिडकीबाहेरच्या गोष्टीवर पंधरा ओळी. आणि इथे मुलं आधीच बाहेर आहेत. कुठलं गवत गुरं खातात आणि कुठलं सोडून देतात, कोणत्या झाडाचा डिंक निघतो, पाऊस यायच्या आधी मुंग्या काय करतात, हे त्यांना माहीतच आहे. त्यांना निसर्गाची ओळख करून द्यायची नव्हती. त्यांच्याजवळ जे होतं ते मौल्यवान आहे, त्याला शब्द आहेत आणि ते शब्द पाटीवर लिहिता येतात, एवढं सांगायचं होतं. अनुताईंच्या पुस्तकाचं नावही 'कोसबाडच्या टेकडीवरून' असं आहे. आपण कुठे उभे राहून बघतोय ते आधी सांगायचं आणि मग बोलायचं. निसर्गवर्णनाचा पहिला नियम म्हणून मला हे नावच पुरेसं वाटतं.

त्याच दशकांत, १९५६ साली, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आलं. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेले ललित निबंध. ऋतू सहा असतात हे आपण पाठ करतो. दुर्गाबाई महिना-महिना, झाड-झाड, फूल-फूल बघत गेल्या. लोकसाहित्याच्या अभ्यासक असल्यामुळे झाडाबरोबर झाडाची गोष्ट आणि समजूतही त्यांच्या लिहिण्यात येते. पुस्तकातल्या महिन्याशी आपल्या दारातला महिना ताडून पाहावा असं ते लिखाण आहे. जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर आणखी आनंद, कारण मग आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं.

नकाशा

न जुळण्याची ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात घ्या. कोकणात वर्षाला सरासरी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या लातूरकडे सातशे-आठशे, तोही पडला तर. पण निबंधातला पाऊस सगळीकडे कोकणातलाच. झरे, धबधबे, धुकं, हिरवे डोंगर. घाटमाथ्याच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या लेखकांनी आपापला पाऊस लिहिला, यात त्यांचं काय चुकलं? चूक झाली ती तो पाऊस सगळ्या मराठी मुलांचा नमुना म्हणून बसवला गेला, तेव्हा. मराठवाड्यातलं, सोलापूरकडचं, माणदेशातलं पोरगं मग आपल्या दारातल्या पावसाला पाऊस म्हणायला बिचकतं. आपल्याकडे 'निसर्ग' नाहीच, असं त्याला वाटतं. मलाही वाटायचं. निसर्ग बघायला सहलीची बस करावी लागते, अशी माझी पक्की समजूत होती.

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. त्या दिवशी शहराने पाण्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमच्यापैकी कुणी कधी पावसाळ्याचा निबंध लिहिला असता, तर तो कुठल्याही गाइडमध्ये बसला नसता.

१९६७ साल दोन कारणांसाठी लक्षात ठेवावं. त्या वर्षी २७ जानेवारीला पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या बालभारतीची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' आल्या. अजिंठ्याच्या पायथ्याकडचं पळसखेडे, तिथला शेतकरी कवी. आमच्याकडे शेताला रान म्हणतात. पुण्याच्या मित्रांना रान म्हटलं की जंगल आठवतं. महानोरांच्या रानात पेरणी आहे, घाम आहे, आभाळाकडे लागलेले डोळे आहेत. त्यांचा पाऊस बघायला खिडकीत बसता येत नाही. तो आला नाही तर वर्ष बुडतं. पुढे त्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांतही आल्या. म्हणजे पुस्तकं बदलली नाहीत असं नाही. निबंधाची वही तेवढी जिथल्या तिथे राहिली.

रान

या वर्षी श्रावणात मी शुक्रवारी रात्रीची बस धरून लातूरला गेलो. भाची आता सातवीत आहे. गेल्या वर्षीच्या चॅटबॉटच्या निबंधाला तिला 'उत्तम' मिळालं होतं. यंदा पुन्हा पावसाळा होताच.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं आणि माझी आई, म्हणजे तिची आजी, रानात गेलो. मी तिला तीन अटी घातल्या. 'सुंदर' हा शब्द वापरायचा नाही. कशासारखं दिसतं ते लिहायचं नाही, काय दिसतं ते लिहायचं. आणि ज्याचं नाव माहीत नाही ते आजीला विचारायचं.

तिसरी अट सगळ्यांत उपयोगी पडली. बांधावर पिवळी फुलं होती, ती तरवडाची निघाली. तारेवर शेपूट दुभंगलेला काळा पक्षी होता, तो कोतवाल. मग आजीचं पावसावर सुरू झालं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. थांबून थांबून दिवसभर लागतो ती झड. मध्येच ऊन पडलं की उघडीप. पेरल्यावर पाऊस दडी मारतो तो खंड. भाचीच्या वहीत पावसाची नावं सात-आठ झाली. माझ्या दहावीच्या निबंधात पावसासाठी एकच शब्द होता, 'वरुणराजा'. घरात एवढी भाषा असताना मी पाठांतर कशाला करत बसलो होतो?

दहा मिनिटं ती बांधावर बसून लिहीत होती. तिच्या परवानगीने त्यातला थोडा भाग इथे देतो. 'आमच्या रानात चार दिवसांपासून पाऊस नाही. ढेकळं वरून कोरडी आहेत. मी बोट घातलं तर नखात चिखल आला. सोयाबीनच्या पानाखाली हिरवी अळी होती. मी पान उलटं केलं तर ती हलली नाही. विहिरीजवळ उंबर आहे. उंबरं फांदीच्या टोकाला नसतात, खोडालाच लागतात. आजी म्हणते उंबर असतो तिथं पाणी असतं. विहिरीत पाणी आहे पण मला तळ दिसतो.'

मग घरी आल्यावर मी तिला 'औदुंबर' वाचायला दिली. काही समजावून सांगितलं नाही. तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "ह्याच्या उंबराला लई पाणी आहे." कवितेला मिळालेली याहून चांगली दाद मी वर्गात कधी ऐकली नव्हती. तिने आपलं झाड त्याच्या झाडाशेजारी ठेवून पाहिलं होतं. वाचणं आणि बघणं एकमेकांना असं भेटतं, तेव्हाच त्याला रसग्रहण म्हणावं, असं मला वाटतं. आधी कविता आणि मग रान, की आधी रान आणि मग कविता, यावर शिक्षणतज्ज्ञ वाद घालतील. माझा अनुभव एका मुलीचा आणि एका शनिवारचा आहे. पण कोसबाडच्या त्या दोघी शाळा उचलून कुरणात का घेऊन गेल्या, ते मला बांधावर बसल्यावर कळलं.

बुधवारी तिचा फोन आला. वही तपासून मिळाली होती. मी विचारलं, जसं लिहिलं तसंच दिलंस ना? ती जरा घुटमळली. शेवटी एक ओळ वाढवली होती म्हणाली. 'अशा प्रकारे धरणीमातेने हिरवा शालू नेसला होता.'

"का गं?"

"ते नसलं की मार्क कापतात, मामा."

बाईंनी शालूवर बरोबरची खूण केली होती. आणि 'तळ दिसतो' याच्याखाली लाल रेघ ओढून पुढे लिहिलं होतं, 'म्हणजे?' मधल्या सुट्टीत भाचीने त्यांना जाऊन सांगितलं, की म्हणजे विहिरीत वाकून बघितलं की खालचे दगड दिसतात.

"मग काय म्हणाल्या बाई?"

"काही नाही. थोडा वेळ गप बसल्या. मग म्हणल्या, आमच्या विहिरीचा पण दिसतो."